पाहुण्यांची आजी

“आजी बदला,” डॉ. खासनीस म्हणाले.

खोलीत आम्ही तिघंच होतो. खासनीस सर प्रकल्पप्रमुख. मी त्यांच्या हाताखालचा संगणकवाला. आणि मुकादम मॅडम, म्हणजे आमच्या अरबी भाषेच्या प्रकल्पात अरबी येत असलेली एकुलती एक व्यक्ती.

“कोणाची आजी, सर?” मी विचारलं. माझ्या दोन्ही आज्या केव्हाच वारल्या होत्या, तरी विचारून घेतलेलं बरं.

“पाहुण्यांची, रणदिवे. उद्या सकाळी ते या खुर्चीत बसणार आणि यंत्र त्यांना हे दाखवणार? आजी बदला, नि विषय संपवा.”

पडद्यावर लाल चौकट होती आणि तीत लिहिलं होतं : ‘विसंगती. अशी व्यक्ती असू शकत नाही.’ ही असू न शकणारी व्यक्ती म्हणजे आखातातल्या एका भाषा-प्रतिष्ठानचे प्रमुख डॉ. नासर. पुढचं नाव बरंच लांब होतं, ते खासनीस सरांनी तळहातावर लिहून पाठ करायला घेतलं होतं. ही व्यक्ती त्या घटकेला मुंबईत विमानातून उतरून पुण्याच्या वाटेवर होती.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. आमची संस्था पाषाणच्या टेकडीला टेकून होती. टेकडीलाही त्याची सवय झाली होती. आम्ही तिथे अरबी भाषेची ऑन्टॉलॉजी बांधत होतो. नाव जड आहे, काम साधं. यंत्राला शब्द दिसतात, पण अर्थ कळत नाही. खजूर हे फळ आहे, फळ झाडाला लागतं, झाड चालत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. यंत्राला ते कोणीतरी एकेक करून सांगावं लागतं. जगात काय काय आहे आणि कशाचं कशाशी काय नातं आहे, याचा असा मांडलेला पसारा म्हणजे ऑन्टॉलॉजी. तो अरबीत मांडला, की पुढेमागे इंटरनेटला अरबी मजकूर नुसता सापडणार नाही, तर समजेल, असा बेत होता. याला सिमँटिक वेब म्हणत. पैसा आखातातून येणार होता आणि अक्कल पुण्यातून.

कामाची वाटणी पक्की होती. शब्द मॅडमचे, नियम समितीचे. मॅडमनी हजारो अरबी शब्द आपापल्या जागी बसवून दिले होते. पण कशावरून काय सिद्ध होतं आणि कशाबरोबर काय असू शकत नाही, हे नियम तांत्रिक मानले जात, म्हणून ते मॅडमना दाखवायची पद्धत नव्हती. नियम समिती करी. समितीत पाच जण होते. पाचांपैकी एकालाही अरबी येत नसे, त्यामुळे चर्चेत पूर्वग्रह शिरत नसत.

घोळ झाला तो एकोणिसाव्या नियमात. नियम नात्यांचा होता : एकाच वेळी कोणतं नातं आणि कोणतं नातं असू शकत नाही? सख्खी भावंडं नवरा-बायको असू शकत नाहीत, इथवर एकमत झालं. मग चुलत भावंडं आली. तीही असू शकत नाहीत, यावरही एकमत झालं. इतकं, की कोणी चहाचा कप खाली ठेवला नाही. पुढे मामेबहीण आली आणि समिती फुटली. डॉ. खासनीस देशस्थ, त्यांच्यात मामाची मुलगी चालते. डॉ. वझे कोकणस्थ, त्यांच्यात चालत नाही. दोन तास वाद झाला. धर्मशास्त्र निघालं, गोत्रं निघाली, कोणाच्या तरी पणजीचं लग्न निघालं. शेवटी मामेबहीण वाचली आणि चुलत बहीण कायमची बाद झाली. अरब या बाबतीत काय करतात, हा प्रश्न निघाला नाही. वेळच उरला नव्हता.

पुढे डॉ. नासर यांनी प्रात्यक्षिकासाठी म्हणून स्वतःच्या नऊ पिढ्यांची वंशावळ पाठवली. ती आम्ही यंत्रात भरली. त्यांच्या आजोबांनी सख्ख्या चुलत्याच्या मुलीशी लग्न केलं होतं. यंत्राने एकोणिसावा नियम लावला. चुलत बहीण बायको होऊ शकत नाही, म्हणजे ती आजी नाही, म्हणजे वडील नाहीत, म्हणजे डॉ. नासर नाहीत. तर्कात खोट नव्हती. आणि अशा यंत्राचं एक असतं, की आत एक विसंगती शिरली, की ते कशाचंच उत्तर देत नाही. उंट प्राणी आहे का, असं विचारलं तरी लाल चौकट येत होती.

“आजीला आजोबांच्या मामाची मुलगी करा,” खासनीस सर म्हणाले. “शोभूनही दिसेल.”

मॅडम अरबी कळफलकासमोर बसल्या होत्या. पंचावन्न-छप्पन्नच्या, बारीक चणीच्या, डोक्यावरून ओढणी. बोलायच्या आधी चष्मा पुसायची सवय. त्यांनी चष्मा पुसला.

“सर, तिकडे घरातल्या बाईचं नाव परक्याला सहसा सांगत नाहीत. त्यांनी आजीचं नाव लिहून पाठवलंय. विश्वासाने पाठवलंय. तिचा बाप आपण बदलायचा?”

“कागदावर हो. खरा कुठे बदलतोय?”

“नियम चुकलाय. नियम बदला.”

“नियम समितीने मंजूर केलाय. अहवाल छापून आलाय, गुळगुळीत कागदावर. समितीची पुढची बैठक दोन महिन्यांनी.” सर समजावणीच्या सुरात आले. “मॅडम, बाई कधीच वारली. तिला काय फरक पडतो?”

“तिच्या नातवाला पडेल. नऊ पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस आहे. आजीपाशी येऊन थांबेल.”

“तुम्ही टाइप करा. अरबी कळफलक तुमच्याकडेच आहे.”

“मी नाही करणार.”

खासनीस सरांनी पेपरवेट उचललं, फिरवलं, ठेवलं. “तुमचा करार महिनाअखेर संपतोय. उद्याचं जमलं तर प्रतिष्ठान दुसरा टप्पा देईल आणि करार वाढेल. नाही जमलं तर नाही. हे मी आठवण म्हणून सांगतोय हं, धमकी म्हणून नाही.”

आठवण करून द्यायची गरज नव्हती. कॅम्पातल्या ज्या कॉलेजात मॅडमनी हयात काढली, तिथला अरबीचा वर्ग विद्यार्थी नाहीत म्हणून बंद झाला होता. “पुण्यात आता अरबी शिकायला आमचं मांजरच उरलंय, आणि त्याचंही लक्ष नसतं,” असं त्या डबा खाताना म्हणायच्या. हे काम गेलं, तर दुसरं मिळणार नव्हतं. या वयात, या विषयात, या शहरात तर नाहीच.

“संध्याकाळपर्यंत वेळ द्या,” त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो. खोलीत थांबलो असतो तर टाइप करायला मला अरबी शिकावं लागलं असतं.

बोळात त्या थांबल्या. “रणदिवे, समितीची नियमावली वाचलीयत तुम्ही?”

“मी समितीत आहे, मॅडम. मी कशाला वाचू?”

“कलम सात. तीन सदस्यांच्या सह्या असल्या, तर बैठक न भरवता नियम बदलता येतो.”

हे कलम खुद्द खासनीस सरांनी घातलं होतं, वझ्यांचं तोंड बघायला लागू नये म्हणून. पाचांपैकी डॉ. नाडकर्णी परिषदेसाठी फिनलंडला गेले होते. राहिले चार. खासनीस सर करणार नव्हते. उरलेल्या तिघांच्या तिन्ही सह्या हव्या होत्या. मॅडमनी एकोणिसावा नियम रद्द करण्याचा मजकूर सुवाच्य अक्षरात लिहिला. पहिली सही मी केली. शौर्य वगैरे नव्हतं त्यात. बाई समोर पेन धरून उभी होती.

दुसरे लोखंडे, प्रशासन अधिकारी. समितीत ते का होते हे कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. त्यांनी कागद उलटून पालटून पाहिला.

“विषय?”

“पाहुण्यांची आजी,” मी म्हणालो.

“आवक की जावक?”

मी मॅडमकडे पाहिलं. “आवक,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “परदेशातून आलीय.”

“मग नोंद लागेल. आणि असा सुटा कागद नाही चालणार, नस्ती करा. दोरी लावा.” आम्ही दोरी लावली. त्यांनी सही केली. “आजी बरी आहे ना?” त्यांनी आपुलकीने विचारलं.

“वारली,” मॅडम म्हणाल्या.

“अरेरे,” लोखंडे म्हणाले, आणि शिक्का मारला.

राहिले वझे. डॉ. वझे आत असले, की दाराला आतून कडी घालून बसत. खासनीस सरांशी त्यांचं ज्येष्ठतेच्या एका जुन्या भांडणापासून बोलणं नव्हतं. एकमेकांच्या शेजारी बसून ते चिठ्ठ्यांनी व्यवहार करत. आम्ही दार वाजवलं. कडी निघाली. वझ्यांनी कागद उभ्यानेच वाचला.

“छे,” ते म्हणाले. “चुलत बहीण? तुम्ही मला चुलत बहिणीशी लग्न लावून द्यायला सांगताय?”

“तुमचं नाही, सर,” मी म्हणालो. “पाहुण्यांच्या आजोबांचं. आणि ते लागून गेलंय.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे. मी तेव्हाच म्हणालो होतो, चुलत, मामे, आते, मावस, सगळंच बंद करा. एक तर सगळं, नाही तर काहीच नाही. खासनिसांनी मामाची मुलगी तेवढी सोडवून घेतली. का सोडवून घेतली ते त्यांच्या घरी एकदा जेवून आलेल्या कोणालाही कळेल.”

“वहिनी त्यांच्या मामेबहीण का?” मॅडमनी भोळेपणाने विचारलं.

“सख्ख्या!”

“म्हणजे तो नियम त्यांनी स्वतःच्या घरावरून केला.”

“अगदी!”

“आणि तो आता छापलाय. तुमच्या नावासकट.” मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. “पुढे कोणी वाचेल, तर म्हणेल, मामाची मुलगी शास्त्रशुद्ध आहे, असं डॉ. वझ्यांचंही मत होतं. मला वाईट वाटतं ते एवढंच. बाकी आजीचं काय, आम्ही तिला बदलू.”

वझे खिडकीकडे गेले. परत आले. त्यांच्या कपाळावर एक शीर उठली होती.

“नियम रद्द झाला, तर मामाच्या मुलीचंही समर्थन गेलं?”

“सगळंच गेलं, सर. कोरी पाटी.”

“अरबांचं अरबांनी पाहावं,” वझे म्हणाले. “पण देशस्थांची चाल मी जगाच्या माथी मारू देणार नाही. पेन आहे का?”

सही करून त्यांनी खाली चार ओळींचं भिन्न मत जोडलं. त्यात अरब हा शब्द नव्हता.

खासनीस सरांनी नस्ती पाहिली तेव्हा त्यांचं लक्ष नियमाकडे गेलंच नाही. ते सहीकडेच बघत राहिले. “वझ्यांनी केली? तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“कलम सात सांगितलं,” मॅडम म्हणाल्या.

स्वतःचंच कलम. सर ते मोडणार कसे? त्यांनी एवढंच केलं, की छापील अहवालांवर एकोणिसाव्या नियमाच्या जागी पांढऱ्या पट्ट्या चिकटवायला सगळ्यांना बसवलं. संध्याकाळपर्यंत संस्थेत डिंकाचा वास येत होता. मी नियम काढला आणि मॅडमनी उंटाबद्दल विचारलं. प्राणी आहे, असं यंत्राने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी डॉ. नासर आले. आम्हाला झग्याची अपेक्षा होती. ते साधी पँट आणि स्वेटर घालून आले. आवाज हळू. इंग्रजी उत्तम येत असावं, पण बोलले अरबीत, आणि मॅडम आम्हाला मराठीत सांगत गेल्या. खासनीस सरांनी तळहातावर बघून नाव घेतलं. डॉ. नासर यांनी ते सौजन्याने आपलंच आहे असं मानलं.

त्यांनी यंत्राला पहिला प्रश्न आजीचा विचारला. आजी कोण? यंत्राने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, बापाच्या बापाचं सांगितलं.

“ते म्हणतात, हे मला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या.

खासनीस सरांनी पुन्हा तळहाताकडे पाहिलं. कित्येक माणसांनी कित्येक महिने खपून एका माणसाला त्याच्या आजीचं नाव सांगितलं होतं. मुद्दा वावगा नव्हता.

डॉ. नासर यांनी पुढचा प्रश्न टाइप केला : लग्नाआधी माझ्या आजोबांचं आणि आजीचं नातं काय होतं? आत क्षणभर काहीतरी फिरलं. मग उत्तर आलं : चुलत भावंडं.

पाहुणे मागे टेकले. मग मॅडमशी बराच वेळ बोलले. खासनीस सर दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते, टेनिसचा सामना बघावा तसे.

“ते म्हणतात, हीच वंशावळ त्यांनी आणखी दोन संस्थांना पाठवली होती. एका संस्थेने आजीला दुसऱ्याच घराण्यातली करून टाकलं. दुसरीने आजी गाळलीच. तिथे त्यांचे वडील एकट्या आजोबांनाच झाले.” मॅडमचा चेहरा सरळ होता. “ते विचारतायत, तुमच्या यंत्राला हे कसं जमलं?”

खासनीस सर उभे राहिले. “त्यांना सांगा, की आमची समिती या बाबतीत पहिल्यापासून अत्यंत जागरूक होती.”

मॅडमनी सांगितलं. मूळ वाक्यापेक्षा भाषांतर बरंच मोठं झालं, असं मला वाटलं. डॉ. नासर यांनी समितीकडे एकेक करून पाहिलं. वझ्यांनी मान झुकवली. लोखंड्यांनी, कशाबद्दल चाललंय ते माहीत नसल्याने, नमस्कार केला.

दुसरा टप्पा मंजूर झाला. प्रतिष्ठानच्या पत्रात एकच अट होती : मुकादम मॅडमना समितीवर घ्यावं. करार तीन वर्षं वाढला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना खजूर वाटले. वझ्यांनी एक खाल्ला आणि बी कागदात गुंडाळून नेली.

मॅडमच्या पहिल्याच बैठकीत वझ्यांनी आपलं भिन्न मत पटलावर आणलं : आता नियम नव्याने करायचा तर मामेबहीण आधी बाद करा. खासनीस सर म्हणाले, तसं असेल तर मी राजीनामा देतो. दोघंही हे समोरच्या भिंतीला सांगत होते. तासाभराने लोखंड्यांनी हात वर केला.

“साहेब, भांडण नात्यांवरून आहे ना? मग नातीच काढून टाका.”

सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. चांगली सूचना आली की आमच्याकडे असे ठेवतात.

“सगळी नाती?” मॅडमनी विचारलं. “आई, बाप, मूल?”

“दुसऱ्या टप्प्यात त्यांना व्यापार आणि वनस्पती हव्या आहेत,” खासनीस सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. “नात्यांची तपासणी झालीय, मंजुरी आलीय. आता ती शाखा ठेवून जोखीम कशाला?”

वझ्यांनाही पटलं. कोणीच कोणाचं नसेल, तर मामेबहीणही नाही. नाडकर्णी फिनलंडहून परतले होते. त्यांनी हात वर केला आणि नंतर ठराव कशाबद्दल होता ते विचारलं. चार विरुद्ध दोन. विरोधात मॅडम आणि मी.

बैठक संपल्यावर मी मॅडमबरोबर फाटकापर्यंत चालत गेलो. त्यांना न्यायला एक गृहस्थ स्कूटर घेऊन उभे होते. पांढरी आखूड दाढी, खिशाला चार पेनं.

“हे आमचे शरफुद्दीन,” मॅडम म्हणाल्या. “कॅम्पात चष्म्यांचं दुकान आहे. माझ्या थोरल्या काकांचे चिरंजीव.”

“अच्छा, भाऊ का तुमचे?”

“नवरा.”

मी नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच राहिले.

“मी माहेरचीही मुकादम आणि सासरचीही मुकादम,” त्या म्हणाल्या. “लग्नात सहीसुद्धा बदलावी लागली नाही.”

“मॅडम, मग त्या दिवशी... तुम्ही एक शब्द का नाही बोललात? आजीचंच बोलत राहिलात.”

“माझं सांगितलं असतं, तर समितीने माझ्या घरावर दोन तास चर्चा केली असती. वझ्यांनी भिन्न मत जोडलं असतं.” त्यांनी ओढणी सारखी केली. “आजी बिचारी वारली होती. तिच्यावर चर्चा झालेली चालते.”

“पण तो नियम होता तोवर रोज तुम्ही इथे येऊन...”

“काय करणार? तुमच्या यंत्राच्या हिशेबाने आमचं घर अस्तित्वातच नव्हतं. लाइट बिल मात्र येत होतं.”

शरफुद्दीनभाई हे सगळं शांतपणे ऐकत होते. “आणि आज काय ठरलं, रुकय्या?”

“नातीच काढून टाकली. आता यंत्रात सगळे अरब आहेत, पण कोणी कोणाचं कोणी नाही.”

“आणि तू?”

“मी राहणार. तीन वर्षं आहेत. कोणाला तरी आई परत मिळवून देता आली तर बघते.”

शरफुद्दीनभाईंनी थोडा विचार केला. स्कूटरला किक मारली, ती चालू झाली नाही. पुन्हा मारली.

“कोणी कोणाचं नाही, हे चांगलंय,” ते मला म्हणाले. “फक्त हिचे तीन भाऊ दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतात, साहेब. त्यांना समितीचं पत्र जाईल, की मीच सांगू?”